उजवी पाकळी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवाने ओल्या पाषाणावर दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न अर्थात मला मूल होण्याचा. इतकी वर्षं माझं पोट दुखतंय, त्याचं देवाला कुणी काही विचारलंच नाही. दुपार उलटली, समुद्रावरून वारा येत होता, तरी एकही पाकळी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी कुडाळला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. "एन्डोमेट्रिओसिसमुळे अंडाशय, गर्भाशय, आतडं, सगळं एकमेकांना चिकटलं होतं," डॉक्टर म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे त्या पाकळ्याच आल्या. डॉक्टरांनी चिकटलेलं सोडवलं, अंडाशयातली गाठ काढली. गाठीसोबत थोडी बीजंही गेली. मूल राहील की नाही, हे त्यांनाही ठाम सांगता येईना.

टाके सुकल्यावर सासूबाईंनी मला पुन्हा देवळात नेलं. "प्रश्न मनात धर, बाय," गुरव म्हणाला. मुलाचं तुम्ही विचारा, मी माझं विचारते, असं चरफडत मी मनात धरलं: हे दुखणं परत येणार का?

वाऱ्याची झुळूकही नव्हती. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच उजवी पाकळी पडली.

"उजवो कौल दिल्यान गो देवान!" सासूबाई रडायलाच लागल्या. वाटेत भेटेल त्याला त्या साखर वाटत सुटल्या. माझ्या हातावरही चिमूटभर ठेवली. मी काय विचारलं होतं, ते मात्र कुणीच विचारलं नाही.