पहिला घास शेजाऱ्याचा

बाई बोलायच्या आधी जमिनीवर थाप मारायच्या. उजव्या हाताचा तळवा सपाट करून, आपल्या शेजारच्या फरशीवर, दोनदा. म्हणजे बस. मूल रडत आलं तरी थाप, सरपंच तावातावानं आले तरी थाप. आणि मी काही सांगायला तोंड उघडलं की हमखास थाप.

आमच्या निरवांगी गावात बाईंची अंगणवाडी आणि आमची अभ्यासिका यांच्यामध्ये एकच भिंत होती. तीही अर्धवट. त्यामुळे आम्ही स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडून बसलो की पलीकडून बाईंचा रोजचा प्रश्न ऐकू यायचा, "काल कुणाला चांगलं लावलं?"

लावलं. शिकवलं नव्हे, सांगितलं नव्हे. चार वर्षांच्या मुलानं घरातल्या एका माणसाला एक तरी चांगली सवय लावायची, असा त्यांचा नेम होता. वर अट अशी, की तोंडानं सांगायचं नाही. "सांगून कोण ऐकतंय? शेजारी बसून करायचं," हे त्यांचं पालुपद.

तुम्हीच सांगा, माझ्यासारख्यानं हे कसं सोसायचं? आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील ती जयंतीला वाटायचे. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्या पत्रकांवरच. अन्याय दिसला की सांगायचा, लिहायचा, छापायचा, एवढंच मला ठाऊक. आणि ही बाई सांगण्यालाच बंदी घालत होती.

एका पोरानं काकाची तंबाखू सोडवायचा विडा उचलला. काका तळहातावर तंबाखू मळायला लागला की हा शेजारी बसून तळहातावर फुटाणे मळायचा आणि काकासारखीच वर मान करून तोंडात टाकायचा. पुढच्या महिन्यात मी बाईंना खोचकपणे विचारलं, सुटली का तंबाखू?

"न्हाय," बाई म्हणाल्या. "पर आता फुटाणं बी खातोय."

यांचं यश हे असलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण खरी ठिणगी पडली ती डब्यावरून. अंगणवाडीत खिचडी शिजवायची माझी चुलती. विहारामागच्या आमच्या घरातून ती सकाळीच निघायची. हात स्वच्छ, भांडी लख्ख. आणि स्वरा नावाची एक मुलगी घरून चपातीचा डबा घेऊन यायला लागली. मी एकदा विचारलं तर भोळेपणानं म्हणाली, "आबा म्हणत्यात, हितलं खायचं न्हाय." आबा म्हणजे तिचे आजोबा, गावातले मोठे बागायतदार. 'हितलं' म्हणजे कुणाच्या हातचं, हे सांगायला नको.

काकूनं तो डबा रोज पाहिला आणि रोज गप्प राहिली. मी राहिलो नाही. रात्रीतून पत्रक लिहिलं आणि सकाळी बाईंपुढे धरलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"छापू नगं म्हणत न्हाय," त्या म्हणाल्या. "छाप. पर स्वराला वाचता येत न्हाय."

"मग तुम्ही काय करणार?"

"ती जेवती माझ्याशेजारी."

मला वाटलं, या बाईला राग नावाची वस्तूच देवानं दिलेली नाही. त्यांनी खरंच काही केलं नाही. फक्त त्यांचा जुना रिवाज चालू ठेवला. गोल बसायचं, हात धुतलेले दाखवायचे आणि पहिला घास शेजाऱ्याला भरवायचा. स्वरा चपातीचा घास शेजारणीला भरवी आणि दुसऱ्या बाजूनं बाईंच्या हातून तिच्या तोंडात खिचडी येई. रोज. डबा घरचाच राहिला आणि खिचडीही पोटात गेली. घरीही स्वरा रोज पहिला घास आबांना भरवू लागली. आबा कौतुकानं 'आ' करू लागले.

एके दिवशी आबा नातीला लवकर न्यायला आले. पंगत बसली होती. ते दाराशी टेकले तोच स्वरा धावत गेली. शेजारणीच्या ताटातला खिचडीचा घास तिच्या हातात होता. "आबा, आ करा." सवयीनं आबांनी तोंड उघडलं. चावता चावता त्यांची नजर पातेल्यापाशी उभ्या असलेल्या काकूवर गेली आणि जबडा थांबला. नात तोंडाकडे बघत होती. आबांनी घास गिळला.

"मीठ कमी हाय," एवढंच ते कुणाकडेही न बघता बोलले आणि नातीचा हात धरून निघून गेले.

मी भिंतीआडून बाहेर आलो. माफी नको का मागायला? मीठ कमी म्हणे! बाईंनी थाप मारली. मी बसलो नाही.

"गिळलं न्हवं?" त्या म्हणाल्या.

डबा त्यानंतरही येत राहिला. हो, येत राहिला! मात्र हळूहळू त्यातली चपाती गेली, भाजी गेली आणि उरली फक्त लोणच्याची फोड. खिचडीबरोबर तोंडी लावायला. याला बदल म्हणायचं? मी तर याला पळवाट म्हणालो आणि त्या वर्षी बाईंशी भांडायची एकही संधी सोडली नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी गाव जेवायला बोलावलं होतं. मी भाषण तयार ठेवलं होतं. डब्याचं, माणसांचं, सगळं नावानिशी बोलणार होतो, आबांच्या तोंडावर. उठलोच होतो, तेवढ्यात थाप. या खेपेला बाईंच्या शेजारी नव्हे. बाईंच्या उजवीकडे आबा, आणि थाप, त्यांच्या पाठीमागून हात लांबवून, आबांच्या पलीकडे. त्याच्याही पुढे, आयुष्यात पहिल्यांदाच वाढायची सोडून बसलेली काकू.

मी चडफडत बसलो. बाईंनी आबांना भरवलं. आबांनी घास केला, चांगला मोठा, आणि माझ्यापुढे धरला. सगळी पोरं बघत होती. मी तोंड उघडलं.

मग आबा वाकून, माझ्यापलीकडे बघत, काकूशी पहिल्यांदाच बोलले. "आज मीठ बरूबर पडलंय."

काकूनं ताटातली नजर वर केली. "त्या दिवशीबी बरूबर हुतं, आबा."

मला तर बोलताच येईना, तोंड भरलेलं. आबांनी खाली बघितलं. म्हणाले, "व्हय. हुतं."

बाई आता मुलाकडे बारामतीला असतात. ते भाषण अजून माझ्याकडे आहे आणि त्यातला एकही शब्द मला खोटा वाटत नाही. इंदापूरच्या सभेत, तहसीलसमोर, कुठंही बोलायला उभा राहिलो की मात्र घसा खाकरण्याआधी मी एकदा शेजारच्या जमिनीकडे बघतो.