सुई टोचली तेव्हा अंगावर काय होतं?

सुनंदाताई वानखेडे यांची पहिली भेट इथे आखातात, रुवीतल्या एका वकिलांच्या कचेरीत झाली. ताई तिथे कामगारांच्या भरपाईचे दावे तयार करतात. मी सोहारच्या एका पोलाद कारखान्यातला मेकॅनिक. काम सगळे शिडीवरचे. कंपनीच्या दवाखान्यात लस घेतली त्या संध्याकाळपासून डावा खांदा दुखू लागला आणि महिने उलटले तरी हात छातीच्या वर जाईना. कंपनीचे म्हणणे, दुखणे जुनेच. तसे ठरले असते तर भरपाई राहिली बाजूला, नोकरीच गेली असती.

मला वाटले, ताई कायदा सांगतील. त्यांनी विचारले, "सुई टोचली तेव्हा अंगावर काय होतं?"

"बॉयलर सूट. ड्युटीवरूनच गेलो होतो, ताई."

"मग बाही वर कशी केलीत?"

बाही घट्ट होती. मी चेन उघडून सूट खांद्यावरून जरासा खाली ओढला होता. ताईंनी मला तसेच खुर्चीत बसवले, स्वतः नर्ससारख्या शेजारी उभ्या राहिल्या आणि पेनाचे टोपण टेकवले. ते दंडावर नव्हे, पार वर, सांध्यापाशी टेकले.

"अगदी इथंच!" मी ओरडलो. ताईंचा चेहरा असा खुलला, की दुखणे माझे आहे हे त्या क्षणभर विसरल्या असाव्यात. पुढे डॉक्टरांनीही सांध्यातच सूज दाखवली.

ताईंचा चौकसपणा इथल्या आमच्या मराठी मंडळात प्रसिद्धच आहे. जयंतीच्या जेवणात त्या आचाऱ्याचीही उलटतपासणी घेतात. पण त्या प्रश्नांत माया असते. लस देणाऱ्या नर्सबाईंना भेटायला त्या स्वतः सोहारला आल्या. बाई घाबरल्या होत्या. ताई म्हणाल्या, "सिस्टर, पकडने नहीं आई, समझने आई हूँ." तेव्हा बाईंनीच सांगितले, की रांग मोठी होती, म्हणून खाली न बसता उभ्यानेच, वरून टोचले. त्या जबाबावर माझा दावा उभा राहिला. बाईंवर ठपका येऊ नये म्हणूनही ताईच भांडल्या.

दावा मंजूर झाला, उपचार झाले, नोकरी राहिली. पुढची लस घ्यायला मी का-कू करू लागलो, तेव्हा मात्र ताई कडाडल्या, "लसीवर कशाला राग? जागा चुकली होती, खलास!" सोबत येऊन माझी बाही त्यांनीच वर केली.

ताई आता साठीच्या झाल्या, म्हणून मंडळ त्यांचा सत्कार करणार आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि प्रश्न विचारायची खोड कधीही न सुटो. सत्काराच्या दिवशी हार घालण्याचा मान मी मंडळाकडून हट्टाने मागून घेतला आहे. ताई माझ्याहून उंच आहेत. दोन्ही हात चांगलेच वर करावे लागतील.