इस्त्री सरांचा हात

माझी नात ज्या शाळेत चित्रकला शिकते, तिथे हातात कला असलेली पोरं निवडून घेतात. त्यांना शिकवणाऱ्या सरांना पोरांनी नाव ठेवलंय, इस्त्री सर. नाव काही चुकलं नाही. पोराचं चित्र दिसलं रे दिसलं, की हे खिशातली पेन्सिल काढतात, "सरक जरा" म्हणतात आणि सगळं सरळ करून ठेवतात. तीस वर्षं हाच उद्योग. त्यांनी स्वतःचं एखादं चित्र काढल्याचं कुणाला आठवत नाही. दुसऱ्याच्या भाजीत मीठ घालण्यातच जन्म गेला. आणि छाती अशी पुढे, की सदऱ्याच्या बटणांची कीव यावी!

वर्षअखेरीला बाहेरच्या परीक्षक बाई येतात. त्यांना चित्र पटलं तर पोर पुढच्या वर्गात, नाहीतर घरी. नातीने माझा हात काढला होता. लाँड्रीत काम करताना प्रेसखाली सापडून माझी करंगळी वाकडी झालीय, ती तशीच काढली. परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी ती सरळ केली.

"आजी, ही तुझी करंगळीच नाही गं," पोर रडकुंडीला आली.

"मग खोड की."

"सर मला काढून टाकतील."

"टाकू देत. बोट माझं आहे, त्यांच्या बापाचं नाही."

खोडलं तिने. कागदाला लव सुटली, पण करंगळी पुन्हा वाकडी झाली.

परीक्षेला आम्ही घरची माणसं मागच्या बाकावर. बाईंनी बारा पोरांची चित्रं मांडली, चष्मा पुसला. "ही सगळी एकाच मुलाची का?" सर हसले. त्यांना ती शाबासकी वाटली! मग नातीचा मळका कागद वर आला.

"हे बोट असं का?"

नातीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. सगळं वर्ष त्या बोटाला टांगलेलं. पण सरांना कुठला दम?

"मी सरळ करून दिलं होतं, बाई! सगळ्यांचं मीच नीट करून देतो. हिनेच बिघडवलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी मागून हात वर केला, करंगळीसकट.

नात पुढच्या वर्गात गेली. बाकीच्या अकरा जणांना बाईंनी समोर बसवून पुन्हा काढायला लावलं, सरांना दाराबाहेर उभं करून. आणि इस्त्री सर? परवा नव्या पालकांना तेच चित्र दाखवत होते, "हे बोट बघा. वाकडं काढायला मीच शिकवलं."