परातीतला मंगळ

पाटबंधारे खात्याच्या कचेरीत मी ड्राफ्ट्समन होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर नांदगावकडे बरेच पाझर तलाव झाले. त्यांत गाळ किती साठला याचे नकाशे काढण्यात माझी नोकरीतली सात वर्षं गेली. उन्हाळ्यात तलाव आटला की काठापासून मध्यापर्यंत पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेघा उमटलेल्या दिसतात, एकात एक कडी ठेवल्यासारख्या. पुढे घोटाळा झाला तो या रेघांमुळे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या मेन रोडवरच्या रद्दीवाल्याकडे मला एक इंग्रजी मासिक मिळालं. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेले फोटो त्यात होते. एका फोटोत उल्का आदळून झालेला खड्डा होता. खालच्या मापपट्टीवरून मोजला तर रुंदी सुमारे वीस किलोमीटर, म्हणजे नाशिकहून निघालेली एसटी दिंडोरीला पोचायच्या थोडं अलीकडे असेल एवढी. आणि खड्ड्याच्या तळावर एकात एक गोल रेघा. मी फोटो पाहिला आणि म्हणालो, हा आटलेला तलाव आहे.

आमच्या कॉलनीतल्या विहारात रविवारी कोणी ना कोणी तासभर बोलायचं. त्या रविवारी मी बोललो. फोटो हातोहात फिरवला, आमच्या तलावांचे नकाशे भिंतीला लावले आणि मंगळावरच्या रेघाही पाणी हटत गेल्याच्याच आहेत असं ठासून सांगितलं. मासिकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं, लेख अर्धाच होता, हे मात्र सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता येणार नाही. माझी खात्री झाली होती, म्हणून ते सांगायची गरज वाटली नाही.

ऐकणाऱ्यांत आमच्या शेजारच्या बाई होत्या. त्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायच्या. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं काम शाळेत दरवर्षी एका जुन्या सरांकडे असे. त्या वर्षी प्रथमच ते बाईंकडे आलं होतं. त्यांनी माझा खड्डा उचलला. घरातल्या मोडक्या परातीत प्लास्टर ओतून त्यांनी मंगळाचा तलाव करायला घेतला. शाळेत ते सर म्हणाले, "बाईंना काय, परातच सापडणार." बाईंनी हे आमच्या ओट्यावर बसून हसत सांगितलं, पण काम बिघडलं तर पुढच्या वर्षी ते परत सरांकडे जाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

प्रदर्शनाला नऊ दिवस उरले असताना बाई म्हणाल्या, "भाऊ, रेघा नेमक्या किती ते मोजून द्या. मुलं विचारतात."

मी भिंग आणि डिव्हायडर घेऊन बसलो. वरच्या बाजूने मोजल्या, चौदा भरल्या. खालच्या बाजूने अकरा. पुन्हा मोजल्या, तरी तेच. मग एकेका रेघेवरून सुई फिरवली. सहावी रेघ थोडी पुढे गेली आणि सातवीत मिसळली. नववीला दोन फाटे फुटले. पाण्याची पातळी असं करत नाही. एका पातळीची रेघ तलावाला पूर्ण फेरी मारून जिथून निघाली तिथेच येते. शिवाय उतार उभा असेल तिथे रेघा जवळजवळ येतात आणि सपाट तळावर लांब लांब पडतात. इथे उभ्या कडेवर एकही रेघ नव्हती आणि सपाट तळावर दाटी होती. सात वर्षं मी हाच नियम वापरून नकाशे तपासत होतो. कनिष्ठ माणसाने असा नकाशा आणला असता तर मी तो परत केला असता.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मोठ्या वाचनालयात जाऊन तोच अंक शोधला. शेवटचं पान होतं. त्यात लिहिलं होतं की या खड्ड्यांत मातीदगडांच्या थराखाली बर्फ असावा. तो मातीसकट कडांवरून फार सावकाश आत सरकला असावा आणि त्या सरकण्याने या वळ्या पडल्या असाव्यात. प्रत्येक ठिकाणी ‘असावा’ होतं. मी विहारात एकदाही ‘असावा’ म्हटलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मातीखाली बर्फ टिकेल कसा, हे मला पटत नव्हतं.

"अहो, बर्फवाला लादी भुशात कशाला ठेवतो?" ती म्हणाली. "शोभेला?"

"तिथे भुसा नाही."

"माती हाय ना?"

ती दिंडोरीकडची. चिडली की तिचं ‘आहे’ ‘हाय’ होतं.

भद्रकालीच्या बाजारातून बर्फ आणला. किराणावाल्याचा तराजू मागून घेतला. अर्ध्या किलोचे दोन तुकडे केले. एक ताटात उघडा ठेवला, दुसरा घमेल्यात कोरड्या मातीखाली चार बोटं पुरला. उघडा तुकडा तीन तास दहा मिनिटांत संपला. तेव्हा पुरलेला काढून, माती झटकून तोलला, तर दोनशे दहा ग्रॅम उरला होता. यावरून मंगळाबद्दल फार काही सिद्ध होत नाही हे मला माहीत होतं. तिथे थंडी इतकी आणि हवा इतकी विरळ, की उघडा बर्फ वितळत नाही, डांबरगोळीसारखा नुसता उडून जातो. पण वर झाकण असलं तर टिकतो, एवढं डोळ्यांनी दिसलं.

"आणि वळ्या?" मी विचारलं.

तिने कोमट दुधाचं पातेलं उचललं आणि एका बाजूला कलतं केलं. साय सरकली, कडेशी गोळा झाली, तिच्यावर सुरकुत्या पडल्या. त्यातली एक दुसरीत मिसळली होती. मी भिंग आणायला उठलो. "दूध नासेल तुमच्या भिंगाने," ती म्हणाली.

आता बाईंना सांगणं आलं. मी गेलो तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे होते.

"जय भीम, भाऊ. मोजल्या का?"

"मोजल्या. बाई, तो तलाव नाही. मी चुकलो."

मी सगळं सांगितलं, फाटक्या पानासकट.

"अठरा संध्याकाळी गेल्या माझ्या तुमच्या तलावात," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाजारातली भाजीसुद्धा दोनदा तोलून घेता, म्हणून मी विचारलंही नाही."

"मीच विचारायला हवं होतं. मला स्वतःला."

"हे असंच नेलं तर कोणाला कळणार आहे?"

मग त्यांनीच मान हलवली. "नाही, मला कळेल," असं म्हणून त्यांनी शेजारी माझ्या बायकोला हाक मारली, "वहिनी, जुनं धोतर आहे का एखादं?"

धोतराचा तुकडा प्लास्टरच्या पाण्यात भिजवून आम्ही तिघांनी तो खड्ड्याच्या तळावर पसरला. बाई आणि बायकोने तो कडांकडून मध्याकडे बोटांनी सावकाश लोटला. वळ्या आपोआप पडत गेल्या. कुठे दोन मिळाल्या, कुठे एकीच्या दोन झाल्या. मी मोजल्या. एका बाजूने तेरा, दुसऱ्या बाजूने दहा.

"दोन्ही बाजूंनी एक एक कमी भरली," मी म्हणालो.

"मग त्या मंगळाला सांगा एक एक कमी करायला," बायको म्हणाली.

रविवारी विहारात उभा राहून मी चूक सांगितली. मागून एक म्हातारे म्हणाले, "म्हणजे पाणी हाय का नाय ते सांग ना!" मी म्हणालो, बर्फ असावा, पण अजून कोणी तिथे खोदून पाहिलेलं नाही. त्यांचं समाधान झालं नाही. माझंही झालेलं नव्हतं.

प्रदर्शनात मी कोपऱ्यात उभा होतो. परातीपुढे बाईंच्या अक्षरात पाटी होती: ‘मातीखाली बर्फ असावा. अजून खोदून पाहिलेले नाही.’ परीक्षक आले, वाकले आणि पाटी न वाचताच म्हणाले, "अच्छा, आटलेला तलाव. या पाण्याच्या रेघा."

"आम्हालाही तसंच वाटलं होतं, सर," बाई म्हणाल्या. "तुम्ही ही एक रेघ धरा आणि बोटाने फेरी पूर्ण करून दाखवा."

त्यांनी बोट ठेवलं. वळीवरून नेत नेत अर्ध्यावर आले. तिथे ती दुसरीत मिसळली. बोट थांबलं. त्यांनी मागे नेऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच आले. मग चष्मा पुसला आणि पाटी वाचायला घेतली.