माजावरची गाय कोणची?

आधी हातातला चहा खाली ठेवा. माझी फजिती ऐकताना अंगावर सांडला तर मला बोल नको!

माझ्या गोठ्यात दोन गाई, लाली आन् काशी. काशी बायकोच्या माहेरची. सासऱ्यांनी कालवड दिलती, सुनंदानं तिला लेकरावानी वाढवली. पण ही काशी माजावरच येईना, म्हंजे गाभण ऱ्हायच्या तयारीतच दिसंना! आन् लाली? दर वीस-एकवीस दिसांनी, सकाळी मोकळं सोडलं की काशीच्या पाठीवर उडी! उडी दिसली की लालीच माजावर, असं धरून माझा जनावरांच्या डॉक्टरला फोन.

डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "बालाजीराव, लालीत माजाचं लक्षण दिसंना."

"भरवा हो! म्या डोळ्यानं बघितलंय. पशुपालनाचं शिबिर केलंय म्या!"

तीनदा डॉक्टरकडनं रेतन करून लाली भरवली, तिन्ही डाव फुकट. तरी जळकोटला दूध घालायला गेलो की चार लोकांना माज वळखायचा कसा ते मीच शिकवायचो. आता बोला!

शेवटी घरात जाहीर केलं, "काशी वांझ हाय. शनिवारी व्यापारी टेम्पो घेऊन येतोय."

सुनंदाचा घास हातातच ऱ्हायला. "अवो, माझ्या माहेरची हाय ती. एक डाव नीट बघा तरी!"

"शिबिर तू केलंयस का म्या?"

शुक्रवारी सकाळी लालीनं पुन्हा उडी मारली. डॉक्टर आले, लालीकडं निघाले, तवर सुनंदा आडवी आली.

"डॉक्टर, लाली चढती, खरं हाय. पण ही काशी हलत कशी न्हाय? एरवी कोण जवळ आलं तर शिंगावर घेती!"

डॉक्टर थांबले. काशीची शेपूट उचलून बघितली. खाली काचेसारखी नितळ, चिकट तार लोंबत होती.

"बालाजीराव! वर चढणारी न्हाय हो, खाली गुमान उभी ऱ्हाती ती माजावर! शिबिरात हे सांगितलं न्हाय?"

सांगितलं असणार. पहिल्याच तासाला. तवा मी जेवणात काय हाय ते बघायला गेलतो!

"सकाळी माज दिसला, आता संध्याकाळी येतो भरवायला," म्हणून डॉक्टर गेले, आन् बोलल्यापरमानं आले. शनिवारी टेम्पो आला. सुनंदा गोठ्याच्या दारात अशी उभी ऱ्हायली की व्यापाऱ्यानं गाडीतनं पायच खाली टाकला न्हाय.

एकवीस दिवस गेले, काशी पुन्हा माजावर आली न्हाय. तीन महिन्यांनी डॉक्टरनी तपासलं, "गाभण!" सुनंदा काशीच्या गळ्यात पडून रडली. माझं बी डोळं भरलं, उगं कशाला खोटं बोलू? लालीचा खरा माज बी सुनंदानंच वळखला, तीबी एका डावात गाभण ठरली. काशीला कालवड झाली तवा तुळजापूरला जाऊन आईची ओटी भरली, गावभर पेढे वाटले. छाती फुगवून सांगत सुटलो, "बघा माझा गोठा! एक बी गाय रिकामी न्हाय!"

आता मी कायम फोन लावतो, "डॉक्टर, गाय माजावर हाय, या!"

"वहिनींनी बघितली का?"

"न्हाय, म्या बघितली."

"मग ठेवा फोन. वहिनींनी बघितल्यावर करा!"