उतारावर घेतलेलं माप

चिंचपोकळीच्या गाळ्यात मी बाइक दुरुस्त करते. दोन वर्षांपूर्वी, नवरात्रात, तिथे पहिल्यांदा जेट स्की आली. पाण्यावरची स्कूटरच म्हणा. तिच्या मालकाकडे अलिबागला अशा सहा होत्या. "ही नीट झाली तर बाकीच्या पाचही तुमच्याकडे," तो म्हणाला. मी लगेच हो म्हटलं आणि मग घाबरून मॅन्युअल दोनदा वाचलं.

इंजिनातलं तेल बघणं तसं सोपं, घाई तेवढी नडते. ट्रॉली सपाट जागी हवी. पाण्याची नळी जोडायची. आधी इंजिन सुरू करायचं, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. थोडं थांबायचं. मग डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काठी, काढून पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये दिसलं की झालं. मी हे सगळं केलं, पातळी बरोबर होती. नंतर धुण्यासाठी ट्रॉली दाराशी, गटाराकडच्या उतारावर नेली आणि चाकांना दगड लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पूजा करायला बाबा दरवर्षीसारखे घोडपदेवहून चालत आले. ते कापडगिरणीत ऑइलमन होते, साच्यांना, म्हणजे मागांना, तेल घालण्यात त्यांचा जन्म गेला. मी झेंडू आणायला गेले तेवढ्यात त्यांनी स्कीची डिपस्टिक काढून पाहिली. जेमतेम टोक ओलं. लेक विसरली, असं समजून त्यांनी अर्धा डबा तेल ओतलं आणि मला काही बोलले नाहीत.

दसऱ्यानंतर मालक स्की घेऊन गेला आणि दोन दिवसांत परत आला. धूर, नुसता धूर. डिपस्टिक काढली तर तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर. बाबा तिथेच बसले होते.

"मीच घातलंय गो," ते म्हणाले. "सुकी होती. पूजेच्या दिवशी मशीन उपाशी ठेवू नये."

मालकासमोर माझं डोकं फिरलं. "बाबा, ही गिरणी नाही. यापुढे माझ्या मशीनला हात लावायचा नाही."

त्यांचे हात स्वच्छच होते, तरी त्यांनी ते फडक्याला पुसले आणि निघून गेले.

जादा तेल काढताना चाकांना लावलेले ते दगड आठवले. स्की उतारावर होती, तेल एका बाजूला गेलं, म्हणून काठी खोटं बोलली. गिरणीत जमीन सपाट, साचा जागेला खिळलेला. बाबांना उताराचा विचार कधी करावाच लागला नव्हता. मला लागत होता, आणि दगड मीच लावले होते. मालकाला फोन करून चूक माझी म्हणून सांगितलं. बाबांनाही घरी जाऊन उताराचं सांगितलं. ते "असूंदे" म्हणाले आणि टीव्हीकडे बघत राहिले. मला शरम वाटली, अजूनही वाटते.

पुढे पाचही स्की आल्या. बाबा मात्र गाळ्यावर फिरकले नाहीत.

गेल्या खंडेनवमीला मी त्यांना आणायला गेले. आले, पण उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, हात मागे बांधून. पूजेआधीच मी एका स्कीचं इंजिन आत, सपाट फरशीवर चालवून बंद केलं होतं.

"बाबा, तेवढं तेल बघता?" मी फडकं पुढे केलं.

त्यांनी ते घेतलं नाही. चप्पल काढून आत आले, पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि ते ट्रॉलीच्या चाकाशी फरशीवर ठेवलं. आम्ही दोघं त्या लिंबाकडे बघत राहिलो. ते कुठल्याच बाजूला घरंगळलं नाही.

"आता दे फडकं," बाबा म्हणाले.