डाव्या कडेवरची खाच

आमच्या डॉक्टरांना दोन नाद. एक लोकांच्या दातांचा, त्यावर त्यांचं पोट चालतं. दुसरा जुन्या हत्यारांचा, त्यावर घरी वहिनींचं तोंड चालतं. मी त्यांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं मदतनीस आहे, त्यामुळे दोन्ही नादांची धूळ मीच पुसत आले आहे.

पुढच्या खोलीत खुर्ची, दिवा आणि चूळ भरायचं भांडं. मागच्या खोलीत नऊ तलवारी, चार कट्यारी आणि दीड चिलखत. दीड अशासाठी, की एकाची नुसती पाठ आहे, छाती कुठे गेली कुणास ठाऊक. मधलं दार नीट लागत नाही. दाढ काढायला आलेल्या माणसाला वरच्या आरशात तलवारी दिसतात आणि तो मग मुकाट्याने आ करतो.

हत्यार तपासायची डॉक्टरांची पद्धत एकच, दात तपासायची. आधी वास घेतात. मग दांडीवरचा छोटा आरसा म्यानात घालून आत बघतात, टोकदार सळीने टोकरतात, आणि शेवटी हलकेच ठोकून आवाज ऐकतात. मूठ जिथे हाताने झिजायला हवी तिथेच झिजलेली आहे का, चिलखताची एकेक कडी बारीक खिळ्याने बंद केलेली आहे का, की नुसतीच वाकवून टोकाला टोक भिडवलंय, हे सगळं ते बघतात. गंजाचंही तसंच. जुना गंज काळपट असतो आणि जागचा हलत नाही. घाईने आणलेला गंज नारिंगी असतो आणि बोटाला लागतो. एकदा तर तंद्रीत त्यांनी एका कट्यारीला विचारलं होतं, “इथं दुखतंय का?” आणि त्याच आठवड्यात एका शिक्षकांच्या दाढेकडे बघून म्हणाले, “दोनशे वर्षांचा तरी माल आहे.” शिक्षक पुन्हा आले नाहीत.

प्रत्येक हत्याराचं ते पेशंटसारखं कार्ड करतात. रुग्ण: तलवार. वय: अंदाजे एकशे ऐंशी. तक्रार: म्यानातून बाहेर येत नाही. उपचार: तेल, तीन दिवस, धीर. या कार्डांवर ते कधी खोटं लिहीत नाहीत. खरेदीच्या पावतीवर वहिनींसाठी काय वाट्टेल ते लिहितील, पण कार्डावर नाही. म्हणून तर शहरातल्या संग्रहालयात एखादी जुनी वस्तू आली की तिथल्या बाई डॉक्टरांचं पत्र मागवतात. डॉक्टर खरी म्हणाले की खरी.

आता घड्याळजी. समोरच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाशेजारी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. माणूस भला, पण तोंडाचं घड्याळ कधी बंद पडत नाही. डॉक्टरांची आणि त्यांची तीस वर्षांची दोस्ती. डॉक्टरांचं बघून त्यांनीही एक हौस केली. भंगारवाल्याकडून लढाईत घालायचा लोखंडी टोप आणला, आणि गंज काढायला डॉक्टरांकडे टाकला. टोप खरा होता, चांगला जुना होता. पण घड्याळजी काही खूश होईनात.

“एक ओरखडा नाही हो याच्यावर,” ते रोज येऊन रडगाणं गायचे. “घालणारा घरीच बसून असणार. भित्र्या माणसाचा टोप माझ्याच नशिबी यायचा होता?”

आठ दिवस हे ऐकलं. नवव्या दिवशी अडीचचा पेशंट आला नाही. डॉक्टर टोपाकडे बघत बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे आल्यावर मी सहसा मागच्या दाराने निघून जाते. त्या दिवशी गेले नाही, ही माझी चूक.

“ताई, पेशंटला खुर्चीत घ्या,” ते म्हणाले.

मी टोप खुर्चीत ठेवला. दिवा पेटवला. डॉक्टरांनी मास्क लावला आणि दातांच्या ड्रिलने टोपाच्या डाव्या कडेवर दोन इंचांची तिरपी खाच पाडली. ड्रिलची तीन टोकं वाया गेली. मग मी मीठ आणि व्हिनेगर कालवलं, त्यात भिजवलेला कापूस खाचेत भरला, आणि टोप दोन दिवस सिंकखाली ठेवला. वर थोडी काजळी आणि तेल चोळलं. खाच अशी काही दिसू लागली, की पाडताना मी तिथे नसते तर मीही हळहळले असते. डॉक्टरांनी लगेच कार्डही भरलं. संध्याकाळी चहाच्या वेळी घड्याळजींना टोप दाखवायचा, पाच मिनिटं भाव खाऊ द्यायचा आणि मग कार्ड पुढे करायचं, असा बेत होता.

घड्याळजी आले. टोप हातात घेतला. खाचेवरून बोट फिरवलं, आणि एरवी न थांबणारा तो माणूस गप्प झाला.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “हे गंजाखाली होतं? म्हणजे एवढा वार बसला आणि तरी याचं डोकं वाचलं?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टरांचा कार्डाकडे गेलेला हात बिस्किटाकडे वळला. उद्या सांगू म्हणाले. दुसऱ्या दिवशी टोप दुकानात घड्याळांच्या वर खिळ्याला टांगला गेला होता आणि निम्म्या रस्त्याला त्याची गोष्ट तोंडपाठ झाली होती.

पुढच्या वर्षी काकूंचं, म्हणजे घड्याळजींच्या बायकोचं, मोठं ऑपरेशन झालं. दोन महिने त्या इस्पितळात होत्या. घड्याळजी रोज सकाळी दुकान उघडायचे, स्टुलावर चढून त्या खाचेत बोट ठेवायचे आणि मग इस्पितळात जायचे. “एवढं लागून हा वाचला, तर ती का नाही वाचणार?” असं मला स्वतः म्हणाले होते. काकू खडखडीत बऱ्या झाल्या. त्यानंतर डॉक्टर कुठल्या तोंडाने सांगणार?

अशी एकोणीस वर्षं गेली. लोकांनी मनगटी घड्याळं सोडली, दुकानातलं गिऱ्हाईक ओसरलं, तरी घड्याळजींची सवय सुटली नाही. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा हा माणूस, पण त्या खाचेकडे त्याने कधी भिंगातून बघितलं नाही.

आणि गेल्या वर्षी संग्रहालयाच्या बाईंनी जाहीर केलं, की नव्या दालनात शहरातल्या हौशी लोकांची एकेक वस्तू मांडायची, मालकाच्या नावासह. घड्याळजी नवा शर्ट घालून दवाखान्यात आले. टोप घडी केलेल्या टॉवेलमध्ये होता.

“फक्त तुमचं पत्र हवंय,” ते म्हणाले. “खाचेबद्दल दोन ओळी जास्त लिहा.” आणि टोप पुन्हा खिळ्याला टांगायला घेऊन गेले.

डॉक्टरांनी दहा दिवस पत्र लिहिलं नाही. त्या दहा दिवसांत त्यांनी एका पेशंटची चांगली दाढ भरायला घेतली होती, मी हात धरला म्हणून वाचली. मी सरळ विचारलं, “लिहून टाका ना खरी म्हणून. कोण बघतंय?”

“बाई बघतील,” ते म्हणाले. “तलवार लोखंड बाजूला ढकलते, खाचेच्या दोन्ही कडा उचलल्या जातात. ड्रिल लोखंड खातं. मिनिटात कळेल त्यांना.” मग म्हणाले, “आणि नाही कळलं, तरी मला कळतंय ना. खरं लिहिलं तर दोस्त जातो, खोटं लिहिलं तर मी जातो.”

शेवटी अकराव्या दिवशी आम्ही घड्याळजींच्या दुकानात गेलो. मला सोबत नेलं, कारण एकट्याने मार खायची तयारी नव्हती. डॉक्टरांनी वेळ निवडली ती बाराला दोन मिनिटं कमी. “घड्याळजी, त्या टोपावरची खाच...” एवढं बोलले आणि दुकानातली सगळी घड्याळं एकदम बारा वाजवू लागली. कोणी टण टण, कोणी किणकिण, आणि एक कोकिळा दार उघडून ओरडली. डॉक्टर बोलत राहिले. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. ठोके संपले तेव्हा दुकानभर फक्त त्यांचा शेवटचा शब्द राहिला होता, “...मी.”

“काय तुम्ही?” घड्याळजींनी विचारलं.

मग सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. शांततेत.

घड्याळजींनी टोप खिळ्यावरून काढून पुढ्यात घेतला. डोळ्याला भिंग लावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती खाच नीट बघितली. आयुष्य धातूत गेलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही.

“खाल्लेलं आहे,” ते हळूच म्हणाले. “वार नाही हा.” भिंग काढून त्यांनी खणात ठेवलं. “जा तुम्ही दोघं.”

तीन आठवडे त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. टोप खिळ्यावरून गेला होता आणि तिथे भिंतीवर एक पांढरा गोल उरला होता. डॉक्टर खिडकीतून तो गोल बघायचे. मलाही वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी भांडते, म्हणून मी डॉक्टरांशी भांडत होते.

चौथ्या आठवड्यात घड्याळजी गाल धरून दारात उभे राहिले. दाढ ठणकत होती, आणि आसपास दुसरा दातांचा डॉक्टर नाही. खुर्चीत बसले, डोळे मिटले, आ केला. डॉक्टरांनी भूल दिली, तोंडात कापूस भरला आणि ड्रिल हातात घेऊन मनातलं सगळं ओतलं. चुकलो म्हणाले, रोज सांगणार होतो म्हणाले, काकू आजारी असताना तर रात्र रात्र झोपलो नाही म्हणाले. ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाची माफी मागायला सोपं जातं. पण बोलता बोलता ड्रिल दाढ सोडून गालाकडे निघालं, तेव्हा मी म्हटलं, “आधी दाढ, मग माफी.”

चूळ भरून झाल्यावर घड्याळजी बोबडं बोलले, “त्या टोपाचंही कार्ड असेल ना? आणा.”

मी कपाटातून काढून दिलं. ते मोठ्याने वाचू लागले. “रुग्ण: टोप, लोखंडी. वय: अंदाजे दोनशे. तक्रार: मालकाच्या मते शौर्याचा अभाव. उपचार: डाव्या कडेवर दोन इंच खाच, ड्रिलने. मीठ व व्हिनेगर, दोन दिवस. साहाय्य: ताई. भूल दिली नाही.”

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण अर्धं तोंड बधिर होतं, म्हणून हसू एकाच बाजूने येत होतं.

“हे कार्ड टोपासोबत संग्रहालयात लागलं पाहिजे,” ते म्हणाले.

“लोक हसतील मला,” डॉक्टर म्हणाले.

“हसू देत. एकोणीस वर्षं मी ती गोष्ट सांगत होतो, तेव्हा तुम्ही नव्हता हसत?”

“एकदाही नाही,” डॉक्टर म्हणाले. आणि हे खरं आहे, मी साक्षीला आहे.

संग्रहालयाच्या बाईंनी कार्ड दोनदा वाचलं. बनावट खुणा पुष्कळ बघितल्या, पण तारीख, हत्यार आणि साथीदारासह नोंदलेली ही पहिलीच, असं म्हणाल्या. टोप काचेत गेला, शेजारी कार्ड. अशा रीतीने माझी नोंद इतिहासात झाली, गुन्ह्यातली का होईना.

हल्ली दर रविवारी घड्याळजी नवा शर्ट घालून त्या काचेपाशी उभे असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात. “लढाईत याला साधा ओरखडा पडला नाही,” ते सांगतात. “जो पडला तो माझ्या दोस्ताच्या हातून.”

“मग सोडून कसं दिलंत त्याला?” परवा कोणीतरी विचारलं.

“सोडलंय कुठं? दर रविवारी सांगतो ना.”

दोस्त तिथेच खांबाआड उभा असतो. गोष्ट संपली की चहाचे पैसे तोच देतो. आणि सांगताना घड्याळजींचं बोट नकळत काचेवर जातं, बरोबर त्या खाचेच्या जागी. सफाईवाली बाई कुरकुरते, की बाकी काच आठवडाभर लख्ख राहते, पण सोमवारी तेवढी एक जागा घासून पुसावी लागते.